डॉ. कमला सोहोनी : वनस्पतींच्या श्वासाचा वेध

बाजारातून आणलेला बटाटा महिना-दीड महिना टोपलीत पडून राहतो. त्याला पाणी नाही, माती नाही, ऊन नाही. तरीही तो लगेच सडत नाही आणि योग्य वेळ येताच त्याच्या डोळ्यांतून कोंब डोकावू लागतात. याचा अर्थ असा की, त्या साऱ्या काळात बटाटा जिवंत असतो आणि श्वासही घेत असतो. प्राण्यांना फुप्फुसे असतात, प्राणवायू अंगभर वाहून नेणारे रक्त असते. बटाट्यापाशी यांपैकी काहीच नाही. मग त्याच्या गाभ्यातील पेशीपर्यंत पोचलेला प्राणवायू तेथे नेमके कोणते कार्य करतो? विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात या प्रश्नाने मोठमोठ्या शास्त्रज्ञांना कोड्यात टाकले होते. त्याच्या उत्तरातील एक महत्त्वाचा दुवा शोधण्याचे काम एका मराठी तरुणीच्या हातून झाले. तिचे नाव कमला भागवत. पुढे त्या डॉ. कमला सोहोनी या नावाने विख्यात झाल्या. केंब्रिजच्या ज्या प्रयोगशाळेत हे काम झाले तेथवर त्या पोचल्या खऱ्या; पण त्याआधी बंगळूरच्या एका बंद दरवाजापुढे त्यांना उभे राहावे लागले होते.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. भागवतांचे घराणे विद्याव्यासंगी होते. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते आणि दोघांचेही शिक्षण बंगळूरच्या टाटा संस्थेत झाले होते. थोरली बहीण दुर्गा हिची ओळख मराठी वाचकांना करून देण्याची आवश्यकता नाही. लोकसाहित्याच्या अभ्यासक आणि ‘ऋतुचक्र’ या ग्रंथाच्या लेखिका दुर्गा भागवत त्या याच. एक बहीण झाडांकडे साहित्यिकाच्या दृष्टीने पाहत होती, तर दुसरी त्याच झाडांच्या पेशींत काय घडते याचा शोध घेत होती. सत्यासाठी कोणापुढेही मान तुकवायची नाही, हा पीळ मात्र दोघींच्या स्वभावात सारखाच होता.

वडिलांच्या आणि काकांच्या पावलावर पाऊल टाकून रसायनशास्त्रात संशोधन करावयाचे, हे कमलाबाईंनी लहानपणीच ठरविले होते. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. ही पदवी त्यांनी उत्तम गुणांनी मिळविली. रसायनशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय होता आणि पदार्थविज्ञान हा दुय्यम. निकाल लागताच त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे प्रवेशासाठी अर्ज पाठविला. जमशेटजी टाटा यांच्या दानातून आणि म्हैसूर संस्थानने दिलेल्या भूमीवर १९०९ साली उभी राहिलेली ही संस्था लोकांच्या तोंडी ‘टाटा संस्था’ म्हणूनच रूढ होती. पदव्युत्तर संशोधनाची इतकी चांगली सोय त्या काळी देशात क्वचितच होती. त्याच वर्षी सर चंद्रशेखर वेंकट रामन या संस्थेचे संचालक झाले. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळवून त्यांनी भारताचे नाव जगभर नेले होते. संस्थेच्या संचालकपदी प्रथमच एक भारतीय शास्त्रज्ञ आला होता. साहजिकच भागवत कुटुंबाला मोठा आनंद झाला होता.

परंतु कमलाबाईंचा अर्ज नाकारण्यात आला. कारण गुणांचे नव्हते. अर्जदार स्त्री होती, एवढेच कारण होते. वडिलांनी आणि काकांनी रामन यांना विनंती करून पाहिली. दोघेही त्याच संस्थेचे जुने विद्यार्थी होते; पण त्यांच्या शब्दाचा उपयोग झाला नाही. तेव्हा कमलाबाई स्वतः बंगळूरला जाऊन रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या. स्त्रियांना प्रवेश न देण्याचे कारण त्यांनी विचारले. प्रवेश मिळेपर्यंत येथून हलणार नाही, संचालकांच्या दाराशी सत्याग्रह करीन, असे त्यांनी बजावले, असे सांगितले जाते. गांधीजींच्या चळवळीने सत्याग्रह हा शब्द तेव्हा घरोघरी पोचविला होता. बाविशीच्या एका मुलीने तो नोबेल विजेत्याच्या कार्यालयात उच्चारला, ही गोष्ट मात्र असामान्यच म्हटली पाहिजे.

शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण तो अटींसह. पहिले वर्ष परीक्षेचे समजले जाईल आणि त्या काळात नियमित विद्यार्थिनीचा दर्जा मिळणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही, काम करावे लागेल. आणि त्यांच्या उपस्थितीमुळे प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये. ही शेवटची अट सर्वांत बोचणारी होती. पुरुष विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित झाले, तर त्याचा दोष आधीच एका स्त्रीच्या माथी मारून ठेवलेला होता. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या. पण तो अपमान त्या कधीही विसरल्या नाहीत. रामन यांच्या विद्वत्तेविषयी त्यांना आदर होता. तरीही केवळ स्त्री म्हणून मिळालेल्या त्या वागणुकीची सल त्यांनी पुढे अनेक वर्षांनी, वृद्धपणीही, जाहीरपणे बोलून दाखविली. थोर माणसाच्या थोरवीमुळे त्याच्या हातून झालेला अन्याय लहान ठरत नाही, एवढे येथे नमूद करावयास हवे.

बंगळूरला त्यांना मार्गदर्शक मात्र चांगले लाभले. श्री. श्रीनिवासय्या हे कडक शिस्तीचे जीवरसायनशास्त्रज्ञ होते. शिकण्याची खरी ओढ असलेल्या विद्यार्थ्याला ते भरभरून शिकवीत. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, कडधान्ये आणि डाळी यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. ज्या देशात कोट्यवधी माणसांचे पोषण डाळीवर अवलंबून असते, त्या देशात डाळीतील प्रथिने वेगळी करून त्यांचे स्वरूप पाहणे हे मूलभूत काम होते. वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले आणि कमलाबाईंना नियमितपणे संशोधन करण्याची अनुमती मिळाली. १९३६ साली याच प्रबंधावर त्यांनी मुंबई विद्यापीठाची एम. एस्सी. ही पदवी विशेष प्रावीण्यासह संपादन केली. त्यानंतर इतर स्त्रियांनाही संस्थेत प्रवेश मिळू लागला. अर्थात दार उघडले तरी उंबरठा उंचच राहिला. १९४० साली तेथे आलेल्या अण्णा मणी यांनी रामन यांच्या प्रयोगशाळेत उत्तम संशोधन केले, पण एम. एस्सी. नसल्याचे तांत्रिक कारण पुढे करून त्यांना पीएच. डी. नाकारण्यात आली.

शिष्यवृत्तीच्या आधारे कमलाबाई १९३७ साली इंग्लंडमधील केंब्रिज येथे गेल्या. तेथील जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे प्रमुख सर फ्रेडरिक हॉपकिन्स होते. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा बहुमान मिळाला होता. कमलाबाईंनी आरंभी डेरिक रिक्टर यांच्यासमवेत काम केले. रिक्टर दुसरीकडे गेल्यावर त्या रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली आल्या. हिल हे वनस्पतींच्या पेशींत चालणाऱ्या रासायनिक क्रियांचे जाणकार होते. येथेच बटाटा कमलाबाईंच्या हाती आला.

त्या संशोधनाचे महत्त्व लक्षात येण्यासाठी वनस्पती कशी जगते, हे थोडक्यात पाहावे लागेल. हिरवे पान हे झाडाचे स्वयंपाकघर होय. पानावरील सूक्ष्म पर्णरंध्रांतून हवा आत येते, मुळांनी शोषलेले पाणी जलवाहिन्यांतून वर चढते आणि सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने पानात साखर तयार होते. ही साखर रसवाहिन्यांतून झाडाच्या सर्व अवयवांकडे जाते. बटाट्याच्या झाडात ती जमिनीखाली उतरते आणि तेथे स्टार्चच्या रूपाने साठते. बटाटा जमिनीखाली वाढत असला, तरी ते मूळ नव्हे. तो अन्न साठवून फुगलेला खोडाचा भाग आहे. त्याचे डोळे म्हणजे खोडावरील कळ्याच होत.

परंतु साखर तयार झाली, साठली, म्हणजे झाड जगले असे होत नाही. घरात धान्याची कोठी भरलेली असली तरी चूल पेटल्यावाचून पोट भरत नाही. साठविलेल्या अन्नातून शक्ती मिळविण्याच्या क्रियेला श्वसन म्हणतात आणि त्यासाठी प्राणवायू लागतो. वनस्पतीमध्ये प्राणवायू वाटत फिरणारे रक्त नसल्यामुळे प्रत्येक अवयवाला आपल्यापुरती सोय स्वतःच करावी लागते. पानांना पर्णरंध्रे आहेत, बटाट्याच्या सालीवर बारीक छिद्रे आहेत आणि मुळे मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून हवा घेतात. शेतात दीर्घकाळ पाणी तुंबले की तूर किंवा कापूस पिवळा पडून मरतो, याचे एक मोठे कारण हेच. त्या पोकळ्यांत हवेऐवजी पाणी भरते आणि मुळे गुदमरतात. भाताच्या रोपाच्या अंगात हवा खाली नेणाऱ्या पोकळ ऊती असतात, म्हणून ते पाण्यात उभे राहूनही तग धरते. बटाटे बंदिस्त जागी रचून ठेवले तर ढीग आतून उबदार लागतो. ती ऊब त्यांच्या श्वसनाची असते.

मात्र पेशीच्या आत हे श्वसन कसे घडते? १९२५ साली केंब्रिजमधीलच डेव्हिड कायलिन या शास्त्रज्ञाने कीटकांचे स्नायू, यीस्ट आणि इतर सजीवांच्या पेशींत एक रंगद्रव्य पाहिले होते. त्याला त्यांनी सायटोक्रोम हे नाव दिले. अशी द्रव्ये वर्णपटदर्शक नावाच्या उपकरणातून दिसतात. पेशींच्या पातळ थरातून प्रकाश सोडला, तर इंद्रधनुष्यासारख्या वर्णपटात ठरावीक जागी काळ्या पट्ट्या उमटतात. पेशींना प्राणवायू मिळेनासा झाला की या पट्ट्या ठळक होतात आणि हवा मिळताच त्या मावळतात. पेशी श्वास घेत असल्याची ही जणू डोळ्यांना दिसणारी खूण होती.

प्राण्यांच्या ऊतींत हे पाहणे तुलनेने सोपे होते. वनस्पतींत अडचणी फार. हरितद्रव्याच्या गडद रंगापुढे बाकीच्या फिकट रंगद्रव्यांचा टिकाव लागत नाही. शिवाय वनस्पतीच्या पेशीत पाण्याने भरलेली पोकळीच मोठी असते. सजीव द्रव्याचा थर तिच्याभोवती अगदी पातळ असतो आणि त्यात सायटोक्रोमचे प्रमाण अत्यल्प असते. त्यातच चिरलेला बटाटा काही वेळाने काळा पडतो, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. बटाट्यातील एक विकर हवेतील प्राणवायूचा संयोग घडवून आणते, त्यामुळे हा काळेपणा येतो. वनस्पतींचे श्वसन अशाच एखाद्या विकराच्या मार्गाने होत असावे, असे मानणारे शास्त्रज्ञही त्या काळी होते. वनस्पती आणि प्राणी यांची श्वास घेण्याची तऱ्हा एकच आहे की निराळी, असा हा वाद होता.

बटाट्यासारख्या वनस्पतींच्या ऊतींवर प्रयोग करून कमलाबाईंनी दाखवून दिले की, वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते आणि त्यांच्या श्वसनात ते भाग घेते. सायटोक्रोम सी हे लोह असलेले एक लहानसे प्रथिन आहे. अन्नाच्या विघटनातून सुटणारे इलेक्ट्रॉन पेशीत एका द्रव्याकडून दुसऱ्याकडे, हातोहात घागर पुढे द्यावी तसे सरकत जातात. या साखळीत सायटोक्रोम सी ते आपल्या लोहावर झेलते आणि शेवटच्या विकराच्या हवाली करते. तेथे प्राणवायूशी त्यांचा मेळ होऊन पाणी बनते. या प्रवासात मुक्त होणारी शक्ती पेशी आपल्या कामासाठी राखून ठेवते. कोंब फुटणे, मूळ वाढणे, जखमेवर नवी साल धरणे ही सारी कामे याच शक्तीवर चालतात. मनुष्याच्या हृदयाच्या स्नायूत आणि टोपलीतल्या बटाट्यात हे काम करणारे प्रथिन एकाच कुळातील आहे, ही गोष्ट आजही चकित करणारी आहे. पुढे १९६० च्या दशकात शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या सजीवांतील सायटोक्रोम सी ताडून पाहिले आणि त्यावरून सजीवसृष्टीची वंशावळ मांडण्याचा प्रयत्न केला.

हिल आणि भागवत यांचा या विषयावरील शोधलेख १९३९ साली ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आला. त्याच वर्षी कमलाबाईंना केंब्रिजची पीएच. डी. मिळाली. त्यांचा प्रबंध टंकलिखित अवघ्या चाळीस पानांचा होता आणि केंब्रिजला आल्यापासून सुमारे चौदा महिन्यांत तो पूर्ण झाला होता. विज्ञानात केंब्रिजची ही पदवी मिळविणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. गंमत अशी की, स्त्रियांना पदवीचे पूर्ण अधिकार देण्यास खुद्द केंब्रिजलाही १९४८ साल उजाडावे लागले. या शोधलेखांवर नाव आहे ते के. भागवत असे. त्यामुळे सोहोनी या नावाने शोधणाऱ्याच्या हाती ते सहजी लागत नाहीत. या विषयावरील हिल आणि भागवत यांचा आणखी एक लेख तर १९५१ साली प्रसिद्ध झाला.

परदेशात राहून संशोधन चालू ठेवणे त्यांना शक्य होते. परंतु १९३९ मध्येच त्या मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुखपद सांभाळले. त्यानंतर दक्षिणेत कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून जीवनसत्त्वांविषयी काम केले. १९४७ साली विमागणितज्ञ श्री. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राचा विभाग नव्याने सुरू झाला होता. तेथे त्या प्राध्यापक झाल्या.

मुंबईतील त्यांच्या कामाचा विषय पुन्हा वनस्पतीच होता, पण आता नजर गरिबाच्या ताटाकडे वळली होती. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. नीरा म्हणजे ताड, शिंदी यांसारख्या झाडांच्या रसवाहिन्यांतून पाझरणारा गोड रस. पानांत तयार झालेली साखर फुलोऱ्याकडे निघालेली असते. तो छेदला की ती वाटेतच मडक्यात उतरते. ऊन चढू लागताच हा रस आंबून त्याची ताडी होते, म्हणून नीरा पहाटे काढून लगोलग प्यावी लागते. नीरेमध्ये जीवनसत्त्वे आणि लोह असल्याचे आणि आदिवासी भागातील कुपोषित मुलांना व गरोदर स्त्रियांना ती दिल्यास त्यांची प्रकृती सुधारते, असे कमलाबाईंच्या आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या पाहणीत आढळून आले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार देण्यात आला.

बंगळूरपासून सोबत असलेली कडधान्येही त्यांनी सोडली नव्हती. कच्च्या कडधान्यांत आपल्या पचनक्रियेला अडथळा आणणारी काही द्रव्ये असतात. आपल्या पोटातील ट्रिप्सिन हे प्रथिने पचविणारे विकर या द्रव्यांमुळे निष्प्रभ होते. बियांमध्ये उद्याच्या रोपासाठी शिदोरी साठविलेली असते आणि कीटकांपासून ती राखण्याच्या कामी अशी द्रव्ये येतात. भारतीय भाज्या आणि डाळी यांतील या द्रव्यांवर कमलाबाईंच्या गटाने १९५० च्या दशकात शोधलेखांची मालिका प्रसिद्ध केली. वालासारख्या कडधान्यातील घातक प्रथिनांचाही त्यांनी मागोवा घेतला. वाल भिजवून, मोड आणून, सोलून आणि चांगले शिजवून बिरडे करण्याची आपल्याकडील रीत किती शहाणपणाची आहे, याची रासायनिक बाजू अशा संशोधनातून स्पष्ट होते.

एवढे कर्तृत्व असूनही विज्ञान संस्थेच्या संचालकपदासाठी त्यांना चार वर्षे ताटकळावे लागले. अखेर ते पद मिळाले, तेव्हा एवढ्या मोठ्या विज्ञानसंस्थेच्या प्रमुखपदी एक स्त्री बसल्याची वार्ता ऐकून केंब्रिजचे त्यांचे जुने सहकारी रिक्टर यांनी हर्ष व्यक्त केला. एका बाजूला हे कौतुक आणि दुसऱ्या बाजूला ती चार वर्षे, हा हिशेब काही जुळत नाही.

निवृत्तीनंतर कमलाबाई मुंबईच्या भारतीय ग्राहक मार्गदर्शन संस्थेच्या कामात रमल्या. १९६६ साली काही महिलांनी एकत्र येऊन ही संस्था स्थापन केली होती. कमलाबाई १९८२-८३ या काळात तिच्या अध्यक्ष होत्या. संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकातून त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेखन केले. प्रयोगशाळेतील ज्ञान वाण्याच्या दुकानापर्यंत आणि घरच्या डब्यांपर्यंत पोचविण्याचे हे काम त्यांनी मोठ्या आवडीने केले.

१९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नवी दिल्ली येथे त्यांच्या सत्काराचा समारंभ योजिला. वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेल्या कमलाबाई त्यासाठी मुंबईहून दिल्लीला गेल्या. समारंभ चालू असतानाच त्या व्यासपीठावर कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांचे निधन झाले. थोरल्या भगिनी दुर्गाबाई त्यांच्यामागे आणखी चार वर्षे होत्या.